डोंगरावरचे दोन दिवस

मार्गशीर्ष-पौषाचे दिवस आले, पहाटे अंगावरची गोधडी सोडवेनाशी झाली, की मुंबई-पुण्याकडील घराघरांत एक बेत शिजू लागतो. मुलांच्या शाळेला दोन दिवस सुटी आहे, वडीलमंडळींनाही कचेरी नाही. मग थंड हवेच्या एखाद्या ठिकाणी का जाऊन येऊ नये? बेत सर्वथैव योग्य आहे. आठवडाभर धूर, गर्दी आणि घड्याळ यांच्या ताब्यात असलेल्या माणसाने दोन दिवस डोंगराच्या स्वाधीन व्हावे, यात वावगे काहीच नाही. परंतु पुष्कळदा असे घडते, की शनिवारी विश्रांतीसाठी गेलेले कुटुंब रविवारी रात्री अधिकच शिणून परत येते. मुले कुरकुरत असतात, आई मळक्या कपड्यांच्या ढिगाकडे पाहून सुस्कारा टाकते आणि वडील म्हणतात, ‘यापेक्षा घरीच राहिलो असतो तर बरे झाले असते!’ हा दोष डोंगराचा नव्हे. विश्रांती म्हणजे काय, याचा विचार न करताच ती विकत घ्यावयास निघालेल्या माणसाचा तो दोष आहे.

माथेरानचेच उदाहरण घ्यावे. रायगड जिल्ह्यातील हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर वसलेले आहे. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी या डोंगराचा ‘शोध’ लावला असे सांगण्यात येते. वास्तविक तेथील ठाकूर, कातकरी आणि धनगर यांना त्या रानाच्या वाटा त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होत्या. पुढे १९०७ साली पीरभाय कुटुंबाच्या पुढाकाराने नेरळपासून माथेरानपर्यंत आगगाडी सुरू झाली. दोन फूट रुंदीच्या रुळांवरून, असंख्य वळणे घेत, सुमारे २१ किलोमीटरचा चढ चढावयास ही गाडी दोन तासांहून अधिक वेळ घेते. पर्यटकांच्या मोटारींना दस्तुरी नाक्यापुढे प्रवेश नाही. २००३ साली केंद्र सरकारने हा सारा परिसर पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून जाहीर केला. थोडक्यात, येणाऱ्या प्रत्येकाला हा डोंगर जणू वेशीवरच बजावतो, की आपला वेग खाली ठेवूनच वर या.

परंतु मोटार खाली राहिली, तरी घाई मात्र माणसाबरोबर वर येते. माथेरानात प्रेक्षणीय स्थळे तिसांहून अधिक आहेत. कुटुंबप्रमुख त्यांची यादी करतो आणि एखाद्या कारकुनाने साचलेली प्रकरणे निकालात काढावीत, तशी ती स्थळे निकालात काढू लागतो. प्रत्येक कड्यावर दोन मिनिटे थांबावयाचे, भ्रमणध्वनीवर छायाचित्र घ्यावयाचे आणि पुढे निघावयाचे. अशा वेळी पाच वर्षांची मुलगी वाटेतच खाली बसते. तिला तांबड्या मातीत मुंग्यांची रांग दिसलेली असते. एक मुंगी आपल्याहून मोठा दाणा ओढीत आहे आणि तो वारुळाच्या तोंडात कसा शिरणार, ही चिंता तिला पडलेली असते. ‘ऊठ बघू, अजून पाच ठिकाणे राहिली आहेत!’ असे म्हणून तिचा हात ओढला जातो. वडिलांच्या यादीत एका स्थळाची भर पडते. परंतु त्या मुलीचे त्या दिवसातील एकमेव प्रेक्षणीय स्थळ मात्र मागे राहते.

लहान मुलांना घेऊन डोंगरावर जावयाचे, तर चालीचा निर्णय त्यांच्या पावलांवर सोपवावा, हेच शहाणपणाचे होय. मूल थांबते ते केवळ थकल्यामुळे नव्हे. पुष्कळदा ते पाहण्यासाठी थांबते. त्याच्याबरोबर थांबणाऱ्या मोठ्या माणसालाही मग दिसू लागते. वाटेवरची माती तांबडी का, असे मूल विचारते. सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून तयार झाला. पुढे लक्षावधी पावसाळ्यांनी त्यातील पुष्कळशी द्रव्ये धुऊन नेली आणि लोखंडाचा अंश मागे राहिला. त्या गंजलेल्या लोखंडाचा हा रंग आहे. मुलाच्या कपड्यांना लागलेला तांबडा डाग म्हणजे केवळ धुण्याचे वाढलेले काम नव्हे. तो सह्याद्रीच्या इतिहासाचा एक कण आहे.

पहाटेची गोष्टही अशीच. हिवाळ्यात सूर्योदयाच्या सुमारास कड्यावर उभे राहिले, की पुष्कळदा धुके पायांखाली, खोल दरीत भरलेले दिसते. निरभ्र रात्री जमिनीतील उष्णता आकाशात निघून जाते. जमिनीलगतची हवा गार आणि जड होते, उतारावरून घरंगळत दरीत साचते आणि तिच्यातील बाष्पाचे धुके होते. ऊन चढू लागले, की ते विरळ होत होत नाहीसे होते. हा सोहळा पाहावयास तासभर तरी लागतो. मुलांना कानटोपी घालावी, त्यांचा हात घट्ट धरावा आणि कड्यापासून अंतर राखून निवांत बसावे.

एखाद्या कड्यावरून हाक मारली तर समोरचा डोंगर तीच हाक परत देतो. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. हाक परत यावयास दोन सेकंद लागले, तर समोरचा कडा सुमारे ३४० मीटर दूर आहे, हे चौथीतील मुलालाही काढता येते. कारण आवाजाने जाण्याचा आणि येण्याचा असा दुहेरी प्रवास केलेला असतो. रात्री जेवण झाल्यावर आकाशात मृगाचे तीन तारे आणि त्यांच्याजवळचा तेजस्वी व्याध दाखवावा. व्याधाचा प्रकाश पृथ्वीपर्यंत यावयास साडेआठ वर्षांहून थोडा अधिक काळ लागतो. म्हणजे तिसरी-चौथीतील मुलाच्या डोळ्यांत या घटकेला शिरणारा किरण, तो तान्हा असण्याच्या सुमारास तेथून निघाला होता! या गोष्टींना तिकीट नाही, रांग नाही; लागतो तो फक्त सवडीचा वेळ.

विश्रांतीचा आणखी एक प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही; तो म्हणजे, ही विश्रांती नेमकी कोणाची? पिशव्या भरावयाच्या आईने, धाकट्याचे दूध आठवणीने घ्यावयाचे तिनेच, ओले मोजे वाळत घालावयाचे आणि रडणाऱ्या मुलाला निजवावयाचे तेही तिनेच. अशाने तिच्या वाट्याला तीच कामे अधिक गैरसोयीच्या जागी येतात, एवढाच काय तो फरक होतो. वडिलांनी मुलांना आंघोळ घालावी, मोठ्या मुलाने आपले अंथरूण आपण घडी करावे आणि आईला तासभर निवांत पुस्तक वाचावयास मिळावे. ज्या सहलीत हे घडत नाही, ती सहल अर्ध्या कुटुंबाचीच म्हटली पाहिजे.

हाच न्याय घराबाहेरही लागू करावयास हवा. माथेरानात अनेक वर्षे माणसाने माणसाला रिक्षात बसवून ओढून नेण्याची चाल होती. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने हा प्रकार मानवी प्रतिष्ठेला बाधक ठरवून, या रिक्षा सहा महिन्यांत बंद कराव्यात आणि त्या ओढणाऱ्यांची उपजीविका ई-रिक्षांच्या योजनेने सांभाळावी, असा आदेश दिला. एकाच्या विश्रांतीचा भार दुसऱ्याच्या खांद्यावर पडू नये, हे तत्त्व मुलांना समजावून सांगण्यासाठी याहून चांगला धडा कोणता? घोड्यावर हौसेने बसावे. पण घोडा दमला असेल तर उतरावे आणि घोडेवाल्याशी चार-दोन रुपयांसाठी हुज्जत घालू नये. रानातल्या माकडांना खाऊ देण्यात दया नाही. त्याने ती रानातले अन्न शोधणे सोडून माणसाच्या हातातले हिसकावू लागतात. खाऊचे रिकामे वेष्टन खिशात घालून खाली आणणे, हेही डोंगराच्या पाहुणचाराचे देणेच आहे.

यावर कोणी म्हणेल, की हे सारे ठीक. परंतु सामान्य कुटुंबाला अशी सहल वर्षातून एखादे वेळी घडते. इतका खर्च करून गेल्यावर सर्व काही पाहून घेऊ नये काय? शंका रास्त आहे. कष्टाचा पैसा वाया जाऊ नये, असे कोणालाही वाटणारच. पण पैशाचे चीज कशाने होते, हे पाहिले पाहिजे. पानात दहा पक्वान्ने वाढून प्रत्येकाचा एकेक घास घाईने गिळणाऱ्यापेक्षा, दोनच पदार्थ चवीने जेवणारा अधिक तृप्त होऊन उठतो. शिवाय जे पाहावयाचे राहिले, ते पुन्हा येण्यास निमित्त ठरते. मुलांचे बालपण मात्र पुन्हा येत नाही. मुंग्यांच्या रांगेपाशी बसण्याचे वय चार-सहा वर्षांत सरते; डोंगर तेथेच असतो, पण तो हात धरून दाखवावा असे मूल घरात उरत नाही.

तेव्हा डोंगरावर जाताना यादी आखूड असावी आणि वेळ मोकळा असावा. सकाळी एक कडा, दुपारी झाडाखाली जेवण व झोप, सायंकाळी एक रमतगमत फेरी आणि रात्री तारे, एवढा कार्यक्रम दोन दिवसांना पुरून उरतो. कोणी विचारले, की तुम्ही काय काय पाहिले, तर वडिलांना कदाचित तीनच नावे सांगता येतील. परंतु तेवढ्यात त्यांची धाकटी मुलगी पुढे होऊन, तो दाणा मुंगीने अखेर वारुळात कसा नेला, हे हातवारे करून सांगू लागेल. ते ऐकून ज्या घरात सर्वजण हसतील, त्या घराची विश्रांती खरी झाली, असे खुशाल समजावे.