वत्सगुल्मातला विवाह आणि आजचे आक्षेप

समलिंगी विवाहाच्या विरोधकांचा पहिला मुद्दा ठरलेला आहे: विवाह हा संस्कार, त्याला हात लावण्याचा अधिकार कोणालाच नाही. २०२३ मध्ये केंद्र सरकारनेही सर्वोच्च न्यायालयात संस्काराचाच आधार घेतला. वाशीमकरांनी तरी हे तपासल्याशिवाय मानू नये. सुमारे अकराशे वर्षांपूर्वी राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष आणि उमेची कन्या साहित्यविद्या यांचे लग्न लावले ते वत्सगुल्मात, म्हणजे आपल्या वाशीमात, आणि तेही गांधर्व पद्धतीने. गांधर्व विवाहाचा पाया उभयतांची इच्छा, दुसरे काही नाही. मनुस्मृती तर आठ विवाहप्रकार मोजते. झोपेतल्या किंवा नशेतल्या स्त्रीवरचा बलात्कारही त्यांत ‘पैशाच’ या नावाने येतो. यांतला कोणता संस्कार जपायचा?

काव्यपुरुष आणि साहित्यविद्या हे स्त्री-पुरुषच होते, हे मान्य. मनूने समलिंगी संबंधांना प्रायश्चित्त आणि दंड सांगितला, हेही मान्य. पण तोच मनू विधवेला दुसरा पती नाकारतो. १८७० मध्ये पुण्यात शंकराचार्यांपुढे शास्त्रार्थ झाला आणि कौल विधवाविवाहाच्या विरुद्ध गेला. आज लेकीचा पुनर्विवाह ठरवताना तो कौल कोण विचारात घेतो?

दुसरा आक्षेप धर्मस्वातंत्र्याचा. जमियत उलेमा-ए-हिंदनेही सर्वोच्च न्यायालयातल्या समलिंगी विवाहाच्या याचिकांना विरोध केला. पण सुनावणी झाली ती १९५४ च्या विशेष विवाह कायद्यापुरती. व्यक्तिगत धर्मकायदे न्यायालयाने बाजूला ठेवले होते. त्या कायद्याला सप्तपदी लागत नाही, निकाह लागत नाही. नोटीस, तीन साक्षीदार आणि विवाह अधिकारी एवढे पुरते. भटजी, काझी, पाद्री यांपैकी कोणालाही मनाविरुद्ध लग्न लावावे लागणार नाही. वंशवृद्धीचे म्हणाल, तर साठीत लग्न करणाऱ्यांना विवाह अधिकारी मुलाबाळांचे विचारत नाही.

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी घटनापीठाने विवाहाचा मूलभूत हक्क नाकारला आणि प्रश्न संसदेकडे सोपवला. ही उणीव गावात कुठे बोचते, ते तलाठ्याच्या दप्तरात दिसते. दोघांनी मिळून वीस वर्षे शेत कसले आणि ज्याच्या नावे सातबारा तो गेला, तर वारसनोंदीत आई येईल, ती नसेल तर वडील, भाऊ, पुतणे येतील. सोबत राबलेला जोडीदार कुठेच नाही. मृत्युपत्र करता येते, खरे. पण मृत्युपत्राने कुटुंबनिवृत्तिवेतन मिळत नाही.

२०२४ मध्ये केंद्रानेच राज्यांना कळवले, की शिधापत्रिकेसाठी समलिंगी जोडीदारांना एकाच कुटुंबातले माना. स्वस्त धान्याच्या दुकानात जे कुटुंब ठरतात, त्यांना तलाठ्यापुढे आणि पेन्शनच्या कागदावर परके ठरवायला धर्माचा आधार कसा चालतो? विशेष विवाह कायद्यातल्या स्त्री-पुरुषांपुरत्या अटी बदलणे संसदेच्या हाती आहे, आणि त्या तिने बदलाव्यात.