धर्माच्या खोलीला कसली परवानगी?

मैत्रिणींनो, सासूबाईंना आता जिना चढवत नाही आणि स्वाध्यायाची खोली आहे वर. म्हणून खालीच कुंपणाला लागून एक खोली काढायचं ठरलं. गवंडी म्हणाला, "वहिनी, धर्माच्या कामाला कसली परवानगी? पत्रे टाकून देतो." घरात सगळ्यांना पटलं. मला नाही पटलं.

घर आणि कुंपण यांमधल्या मोकळ्या जागेला 'सामासिक अंतर' म्हणतात (मी आधी 'सामायिक'च ऐकलं!). जागा आपल्या नावावर असली तरी ती मोकळीच ठेवायची असते. शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघरात उजेड तिथूनच जातो. तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताच्या अतिचारांत 'विरुद्धराज्यातिक्रम' आहे. आपण तो करचुकवेगिरीपुरताच धरतो. माझ्या मते चोरून काढलेली खोलीही त्यातच येते, मग आत शास्त्र का वाचेनात.

आणि खरी अडचण असेल तर मागायची सोय आहे की! राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत अशी सवलत आहे. मात्र सुरक्षिततेला बाधा येता कामा नये.

आम्ही नकाशासह अर्ज दिलाय. सासरे अजून फुगलेत. अर्ज नाकारला, तर आम्ही दोघं वर झोपायला जाऊ आणि आमची खालची खोली सासूबाईंची.