डोंगरगावचा ऐवज

चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावच्या लामेटा थरांतून भारतीय सांख्यिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी उत्खनन केलेल्या, कवटी व मागील पाय यांवाचून बव्हंशी उपलब्ध झालेल्या एका महाकाय सांगाड्यावरून सोहन जैन व शाश्वती बंद्योपाध्याय यांनी १९९७ साली डायनासोरची जी नवी जाती विद्वज्जनांपुढे मांडली, तिला २००३ मध्ये स्वतंत्र प्रजातीचा दर्जा मिळून त्याच संस्थेच्या गौरवार्थ ‘आयसिसॉरस’ हे नाव बहाल झाले. एकेका मणक्याची ज्ञात जातींशी तुलना केल्यावाचून असे नामकरण सिद्ध होत नाही. साडेसहा कोटींहून अधिक वर्षे भूमीने जतन केलेल्या अशा ऐवजाची हिफाजत आणि अध्ययन हे आपले कर्तव्य आहे, या दृढ श्रद्धेने हा जीवाश्म-विशेषांक आम्ही वाचकांच्या हाती सादर सुपूर्द करीत आहोत.