रोसिनान्ते हा धन्याचा आरसा नव्हे

सर्व्हान्तेसच्या ‘डॉन किहोते’तल्या रोसिनान्तेविषयी दोन मते जणू ठरूनच गेली आहेत. एक, हा हाडकुळा घोडा म्हणजे धन्याचाच, किहोतेचाच आरसा. तोही झिजलेला, नसत्या पराक्रमाला निघालेला. दुसरे, तो स्वामिनिष्ठेचा पुतळा. दोन्ही मते ऐकायला गोड आहेत, पण कादंबरी त्यांच्या बाजूने साक्ष देत नाही.

आधी आरशाचे पाहू. १६०५च्या पहिल्या भागात धनी या घोड्याला नाव शोधण्यात चार दिवस घालवतो आणि सिकंदराच्या बुसेफालस घोड्यालाही त्याची सर नाही असे मानतो. हे सारे धन्याच्या डोक्यात. घोड्याला त्याचा गंधही नाही. चौरस्त्यावर लगाम सैल सुटताच तो मुकाट आपल्या तबेल्याची वाट धरतो. धनी आपल्या प्रेयसीच्या, दुल्सिनेआच्या नावाने व्रतस्थ. हा मात्र कुरणात घोड्या दिसताच त्यांच्याकडे दुडकत जातो आणि त्यांच्या लाथा नि वर घोडेवाल्यांचे सोटे खातो. प्रतिबिंब इतके बेबंद असते का?

राहिली निष्ठा. जिथे टाच मारून पळवले जाते, तिथे निष्ठा कशी मोजणार? कादंबरीच्या प्रारंभीच्या एका सुनीतात हा घोडा स्पॅनिश वीर सिदच्या बाबिएका या घोड्यापाशी उपासमारीचे रडगाणे गातो आणि प्रेमात पडलेल्या धन्याला चक्क गाढव ठरवतो. त्याने स्वखुशीने जोडलेली मैत्री एकच, धन्याचा सेवक सान्चो याच्या खऱ्या गाढवाशी. १६१५च्या दुसऱ्या भागात ती दिसते: एकमेकांचे अंग खाजवून झाले की रोसिनान्ते आपली मान गाढवाच्या मानेवर आडवी टाकतो, ती पलीकडे अर्ध्या वारापेक्षा जास्त बाहेर येते, आणि दोघे जमिनीकडे पाहत उभे राहतात.

मग तो कशाचे प्रतीक? माझ्या मते, दुसऱ्याच्या स्वप्नाची किंमत मोजणाऱ्याचे. पवनचक्कीला राक्षस समजतो धनी, खांदा निखळतो घोड्याचा. बार्सिलोनाच्या किनाऱ्यावर धनी द्वंद्वात हरतो, तेव्हा त्याच्यासोबत कोसळलेल्या घोड्याला जागचे हलवतही नाही. एका ड्यूकच्या वाड्यात धनी डोळे बांधून आकाशभर हिंडल्याचे मानतो, त्या सफरीत तेवढा घोड्याला त्रास नाही, कारण तो घोडा लाकडाचा!

सर्व्हान्तेसला नुसता गौरव करायचा असता, तर त्याने उमदा घोडा दिला असता; नुसती टर उडवायची असती, तर पवनचक्की पुरेशी होती. त्याने भूक लागणारा, दुखापत होणारा घोडा दिला. म्हणून किहोतेच्या ध्येयवेडाचे पोवाडे गाणाऱ्यांनी, त्या ध्येयाखाली उपाशीपोटी कोण धावत होते तेही सांगावे. सर्व्हान्तेसने ते टाळलेले नाही.