‘टेन्सर’ : शब्दाचा इतिहास निराळा, वस्तूचा निराळा

१/
‘टेन्सर म्हणजे काय?’ हा प्रश्न तीन वर्गांत विचारला, तर तीन उत्तरे मिळतात. भौतिकशास्त्राचा विद्यार्थी म्हणतो, अक्ष बदलले असता जिचे घटक ठरावीक नियमाने बदलतात, अशी राशी. गणिताचा म्हणतो, सदिश अवकाशांच्या टेन्सर-गुणाकारातील घटक. यंत्रशिक्षण शिकणारा म्हणतो, संख्यांची बहुमितीय मांडणी. प्रत्येकाला आपलीच व्याख्या खरी वाटते आणि इतरांची सैल किंवा क्लिष्ट.

२/
या वादाचा निकाल व्याख्यांच्या पुस्तकात मिळत नाही. शब्द कोणत्या साली, कोणत्या कामासाठी योजला गेला, हे पाहिले म्हणजे तो उलगडतो. आणि तो उलगडताना इतिहासाच्या वाचकाला एक मोलाची सावधगिरी हाती लागते : शब्दाचा इतिहास आणि त्या शब्दाने दाखवलेल्या वस्तूचा इतिहास हे दोन वेगळे इतिहास आहेत.

३/
लॅटिनमध्ये ‘तेन्देरे’ म्हणजे ताणणे. त्यावरून ‘टेन्सर’ म्हणजे ताणणारा. गणितात येण्यापूर्वी हा शब्द शरीरशास्त्रात होता. कानाच्या पडद्याला ताण देणाऱ्या चिमुकल्या स्नायूला आजही ‘टेन्सर टिम्पनी’ म्हणतात.

४/
गणितात तो आणला विल्यम रोवन हॅमिल्टन यांनी. १६ ऑक्टोबर १८४३ रोजी डब्लिनमधील ब्रूम पुलाजवळ त्यांना चार घटकांच्या संख्यांचे, म्हणजे क्वाटर्नियनचे, सूत्र सुचले. या संख्येची दोन कामे : एका सदिशाची लांबी ताणणे आणि त्याची दिशा फिरवणे. ताणणाऱ्या भागाला त्यांनी ‘टेन्सर’ म्हटले, फिरवणाऱ्या भागाला ‘व्हर्सर’.

५/
क्वाटर्नियनचे घटक १, २, २ आणि ४ असतील, तर त्यांच्या वर्गांची बेरीज २५ आणि टेन्सर ५. एवढेच! हॅमिल्टन यांचा टेन्सर ही एकुलती एक संख्या आहे. त्यांच्या १८५३च्या व्याख्यानग्रंथात हा शब्द पाहून कोणी त्यात सापेक्षतावादाची चाहूल शोधू लागला, तर तो शब्दाने फसला असे म्हणावे लागेल.

६/
आता उलट बाजू. १८२२ मध्ये पॅरिसमध्ये ओग्युस्तँ-लुई कोशी यांनी घन पदार्थाच्या आतील ताणाचा विचार मांडला. पदार्थाच्या आत एका बिंदूपाशी तीन परस्परलंब प्रतले कल्पिली, तर प्रत्येकावर तीन दिशांनी ताण येऊ शकतो. असे नऊ आकडे मिळतात. त्यांपैकी सहाच स्वतंत्र असतात. आजच्या भाषेत हा अस्सल टेन्सर. कोशींपाशी वस्तू होती, हे नाव मात्र नव्हते.

७/
नाव आणि वस्तू यांची गाठ पडली १८९८ मध्ये. गॉटिंगेनचे वोल्डेमार फोक्ट स्फटिकांच्या भौतिक गुणधर्मांवर लिहीत होते. स्फटिक सर्व दिशांनी सारखा दबत नाही की ताणला जात नाही, त्यामुळे एका आकड्याने किंवा एका बाणाने त्याचे वर्णन होत नाही. या राशींना त्यांनी ‘टेन्सर’ म्हटले. विषयच ताणाचा असल्याने नाव शोभलेही. पण ते हॅमिल्टन यांच्या टेन्सरहून सर्वस्वी वेगळे होते.

८/
त्याच काळात इटलीतील पादोव्हा येथे ग्रेगोरिओ रिची-कुर्बास्त्रो एक नवे कलनशास्त्र रचत होते. त्यांचे शिष्य तुल्लिओ लेव्ही-चिव्हिता यांच्यासह लिहिलेला १९००चा त्यांचा प्रबंध टेन्सर-कलनाचा पायाभूत ग्रंथ मानला जातो. त्यात या राशींचे नाव मात्र ‘प्रणाली’ असे आहे. टेन्सरच्या पायाभूत प्रबंधात त्या राशींना टेन्सर म्हटलेलेच नाही.

९/
१९१२ मध्ये आइन्स्टाइन झुरिकला परतले आणि मार्सेल ग्रॉसमान या मित्राच्या मदतीने रिची यांच्या गणिताकडे वळले. दोघांच्या १९१३च्या निबंधाचा गणिती भाग ग्रॉसमान यांचा. त्यात फोक्ट यांचा शब्द आणि रिची यांची वस्तू एकत्र आली. नोव्हेंबर १९१५ मध्ये बर्लिन येथे आइन्स्टाइन यांनी क्षेत्रसमीकरणे मांडली आणि हा शब्द जगभर पोहोचला.

१०/
भारतातही तो लवकर आला. १९२० मध्ये कलकत्ता विद्यापीठाने आइन्स्टाइन व मिन्कोव्स्की यांच्या निबंधांचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. अनुवादक होते मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस. ऐतिहासिक प्रस्तावना प्रशांतचंद्र महालनोबिस यांची. पुढे भारतीय भाषांच्या परिभाषेत अदिश, सदिश यांच्या जोडीला ‘प्रदिश’ आला. या शब्दात ताणाचा मागमूस नाही. आहे ती दिशा. व्युत्पत्ती बदलली तरी आशयाला धक्का लागला नाही.

११/
१९३८ मध्ये हॅस्लर व्हिटनी यांनी आबेली गटांच्या टेन्सर-गुणाकारावर लिहिले. येथे ना ताण, ना स्फटिक, ना अवकाशाची वक्रता. उरली ती रचना. पुढे नोव्हेंबर २०१५ मध्ये गूगलने ‘टेन्सरफ्लो’ सर्वांसाठी खुली केली. या क्षेत्रात रंगीत छायाचित्र हाही टेन्सरच : उंची, रुंदी आणि तीन रंग यांची संख्यामांडणी.

१२/
हा शब्दाचा भ्रष्टाचार आहे, अशी तक्रार भौतिकशास्त्राच्या वर्तुळात अनेकदा ऐकू येते. तीत तथ्य आहे. दांड्यातील ताण मोजताना अक्ष फिरवले, तर नऊही आकडे बदलू शकतात. दांड्यातील ताण मात्र तोच राहतो. आकडे बदलूनही वस्तू तीच राहावी, यासाठीच बदलाचा नियम असतो. संख्यांच्या नुसत्या मांडणीवर असे बंधन नाही.

१३/
तरीही ‘भ्रष्ट’ हा शब्द अन्याय्य आहे. हीच तक्रार हॅमिल्टन यांच्या अनुयायांना फोक्ट यांच्याविरुद्ध करता आली असती. ज्या अर्थाला आज ‘मूळ’ म्हणून कवटाळले जाते, तोही कधीकाळी उसना घेतलेलाच होता. अर्थ बदलणे हा दोष नव्हे. तो बदललाच नाही असे समजून जुने ग्रंथ वाचणे हा दोष.

१४/
हा दोष समाजमाध्यमांवर रोज दिसतो. वैशेषिक दर्शनात ‘गुरुत्व’ हा शब्द आहे, म्हणून न्यूटनचा नियम तेथे होता, असे ठामपणे सांगितले जाते. वैशेषिकांचे गुरुत्व हा द्रव्याचा एक गुण आहे, वस्तू खाली पडण्याचे कारण. न्यूटन यांच्या १६८७च्या ग्रंथातील नियम कोणत्याही दोन वस्तूंमधील परस्पर आकर्षणाचे गणित मांडतो. नव्या कल्पनेसाठी आधुनिक परिभाषाकारांनी जुना शब्द घेतला. म्हणून नवी कल्पना जुनी ठरत नाही.

१५/
याने वैशेषिकांचे काही उणे होत नाही. पडण्याला कारण असते आणि ते द्रव्याच्या गुणात शोधावे, हा विचार स्वतःच्या बळावर अभ्यासण्याजोगा आहे. त्याला न्यूटनची झूल पांघरली की तो विचारच दिसेनासा होतो.

१६/
उलट चूकही तेवढीच घातक. प्राचीन ग्रंथात आजचा शब्द नाही, म्हणून तेथे तो विचारच नव्हता, असे म्हणणाऱ्यांनी कोशींकडे पाहावे. फोक्ट यांनी नाव वापरण्याच्या ७६ वर्षे आधी वस्तू कोशींच्या कागदावर होती.

१७/
म्हणून जुन्या ग्रंथात ओळखीचा शब्द भेटला की तीन गोष्टी तपासाव्यात : तो कोणत्या काळचा, त्या काळी तो कोणते काम करत होता, आणि तेच काम तेव्हा आणखी कोणत्या नावाने चालले होते. ही उत्तरे मिळेपर्यंत ‘आमच्याकडे होतेच’ आणि ‘तुमच्याकडे नव्हतेच’ ही दोन्ही विधाने सारखीच अपुरी होत.