वाचनाची मात्रा

गेल्या काही वर्षांत वाचनाची शिफारस करणाऱ्यांची भाषा पार पालटून गेली आहे. वाचनाने माणूस बहुश्रुत होतो, सुसंस्कृत होतो, असे पूर्वी सांगितले जाई. त्यात उपदेशाचा सूर असे, पुष्कळदा पोकळपणाही असे; परंतु निदान पुस्तकाचा मान पुस्तक म्हणून राखलेला असे. आता सांगतात की वाचनाने रक्तदाब उतरतो, झोप चांगली लागते, विस्मरणाचा विकार लांबतो, आयुष्य वाढते. शाळांच्या भिंतींवर, वाचनालयांच्या फलकांवर, महाराष्ट्रात २०१५ पासून १५ ऑक्टोबरला साजऱ्या होणाऱ्या वाचन प्रेरणा दिनाच्या भाषणांत हाच मंत्र ऐकू येतो: अर्धा तास चालावे, मीठ कमी खावे आणि वीस पाने वाचावीत. पुस्तक आता वैद्याच्या खलबत्त्यात जाऊन पडले आहे. या नव्या भक्तीविरुद्ध बोलणे मला अगत्याचे वाटते, आणि ते जबलपूरच्या घमापुरातून बोलणे अधिक सोयीचे आहे. कारण पुण्यामुंबईच्या सभागृहात जे टाळ्या घेऊन जाते, ते इथे एकदा घासून पाहावे लागते.

प्रथम पुराव्याचे पाहू. सहा मिनिटांच्या वाचनाने मनावरचा ताण अडुसष्ट टक्क्यांनी कमी होतो, हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी कुठे ना कुठे वाचले असेल. ते २००९ मधले आहे आणि त्याला इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाचे नाव चिकटलेले असते. प्रत्यक्षात तो प्रयोग एका चॉकलेटच्या जाहिरात-मोहिमेसाठी, मूठभर माणसांवर केलेला होता आणि रीतसर परीक्षण होऊन तो कुठल्याही शोधपत्रिकेत आलेला नाही. चॉकलेट खपावे म्हणून काढलेला आकडा आमच्या ग्रंथालय-सप्ताहात सुभाषितासारखा म्हटला जातो. ज्यांनी मुलांना ‘वाचा आणि पारखून घ्या’ असे शिकवायचे, त्यांनीच न पारखता तो फळ्यावर लिहावा, हा वाचनाचा गौरव म्हणायचा की वाचनाची विटंबना?

सगळाच पुरावा असा नाही, हे मान्य केले पाहिजे. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये पन्नाशी ओलांडलेल्या ३,६३५ व्यक्तींचा बारा वर्षांचा मागोवा प्रसिद्ध केला. पुस्तके वाचणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका वीस टक्क्यांनी कमी दिसला. आयुर्मानाच्या हिशेबात हा लाभ सुमारे तेवीस महिन्यांचा होता आणि वृत्तपत्रे-नियतकालिके वाचणाऱ्यांपेक्षा पुस्तके वाचणाऱ्यांच्या पदरात तो अधिक पडला. शिकागोच्या रश विद्यापीठातील अभ्यासकांनी २०१३ मध्ये २९४ वृद्धांच्या, त्यांच्या मृत्यूनंतर केलेल्या मेंदू-परीक्षणासह, नोंदी मांडल्या. वाचन-लेखनासारख्या कामांत आयुष्यभर मन गुंतवलेल्यांची स्मरणशक्ती तुलनेने सावकाश ढळली होती. हे काम गंभीर आहे. येलच्या संशोधकांनी शिक्षण, संपत्ती, आधीचे आरोग्य यांचा हिशेब जुळवून घेतला होता, हेही खरे. तरीही निरीक्षणातून निघालेला संबंध म्हणजे कार्यकारण नव्हे. वाचल्यामुळे माणूस जगला, की जगण्याची बरी सोय होती म्हणून वाचू शकला, या प्रश्नाची गाठ अशा अभ्यासांनी सैल होते, सुटत नाही. संशोधक हे जाणतात. फलक लिहिणारे जाणत नाहीत.

आणि वैद्यकाच्या नावाने वाचनावर बोलण्याची आपली परंपरा तरी कुठे फार अभिमानास्पद आहे? एकोणिसाव्या शतकात याच मराठी समाजात बाई शिकली, वाचू लागली, की तिचा नवरा अल्पायुषी होतो, अशी समजूत घट्ट रुजलेली होती. रमाबाई रानड्यांना घरातल्या बायकांच्या रोषात वाचायला शिकावे लागले. १९१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आठवणींत तो सारा छळ संयमाने नोंदला आहे. युरोपातही अठराव्या शतकाच्या अखेरीस कादंबरीचे वाचन हे जडणारे व्यसन आहे, त्याने मज्जा दुबळ्या होतात, असे जर्मन पंडित बजावीत होते. तेव्हा वाचनाने आयुष्य तुटत होते, आता वाढते. दोन्ही वेळी वाचणाऱ्याला काय वाचायचे आहे हे कोणी विचारले नाही.

घमापूर म्हणजे काय, ते दूरच्या वाचकासाठी थोडक्यात सांगतो. शहराच्या पूर्वेची ही दाट वस्ती. येथून रांझीकडे जाणारा रस्ता शस्त्रास्त्र-कारखान्यांचा रस्ता आहे. तोफगाड्यांचा कारखाना १९०४ चा, खमरियाचा दारूगोळ्याचा दुसऱ्या महायुद्धातला, वाहनांचा १९६९ चा. मराठी माणूस या शहरात आला तो आधी भोसल्यांच्या अमलाबरोबर, १७९८ ते १८१७ या काळात. मग १८७० मध्ये मुंबई आणि कलकत्त्याचे लोहमार्ग इथे एकमेकांना भिडले तेव्हा रेल्वेबरोबर. आणि नंतर कारखान्यांबरोबर, कचेऱ्यांबरोबर. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेले, जबलपूर मध्य प्रदेशात राहिले, आणि जे कालपर्यंत एकाच प्रांतातले होते ते दोन भाषिक घरांत वाटले गेले. नागपूर इथून अडीचशेहून अधिक किलोमीटरवर आहे. मराठी पुस्तकांची जवळची मोठी पेठ तीच.

आता या रस्त्यावरच्या माणसाला ‘रोज वाच, दीर्घायुषी होशील’ असे सांगून पाहा. पाळी सुटल्यावर, कानात यंत्राचा आवाज घुमत असताना, दीड खोलीच्या घरात चार माणसे आणि एक दूरचित्रवाणी-संच असताना त्याने कुठे बसून वाचायचे? ज्या घरात बाई दिवसभर विड्या वळते (जबलपूर हे विड्यांचेही गाव आहे) तिने कोणत्या हाताने पान उलटायचे? वाचनाला लागतो निवांत वेळ, पुरेसा उजेड, बसायला जागा आणि हाती येईल असे पुस्तक. यांतले एकही तिच्या इच्छाशक्तीवर अवलंबून नाही.

आणि लागतो चष्मा. ही गोष्ट इतकी क्षुल्लक वाटते, की वाचनसंस्कृतीच्या परिसंवादात तिचा उल्लेख मी कधी ऐकला नाही. आपल्या भाषेने मात्र ती ओळखली आहे. चाळिसाव्या वर्षाच्या आसपास जवळचे अंधुक दिसू लागते आणि नाकावर जो चष्मा येतो, त्यालाच आपण चाळिशी म्हणतो. वय आणि वस्तू यांना एकच शब्द. ज्यांना ती मिळत नाही, त्यांचे वाचन चाळिशीतच संपते, आणि संपले हे कोणाला कळतही नाही, कारण ते म्हणतात, ‘आता वाचावंसं वाटत नाही.’ आसामच्या चहामळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या ७५१ मजुरांवर झालेली चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. जवळच्या नजरेचा साधा, स्वस्त चष्मा दिल्यावर पाने खुडण्याचे काम एकवीस टक्क्यांहून अधिक वाढले. हा प्रयोग वाचनाचा नव्हता. परंतु जी नजर पानाची कोवळी डहाळी ओळखू शकत नाही, ती छापील अक्षर कशी ओळखणार? वाचनाने आरोग्य लाभते, असे म्हणणाऱ्यांनी आधी उलट बाजूचा हिशेब मांडावा. आरोग्याचा एवढा लहानसा अंश दिल्याने किती वाचक परत मिळतील, ते मोजावे.

भाषेचा प्रश्न याहून नाजूक आहे. घमापुरातल्या मराठी घरांतील तिसऱ्या पिढीला देवनागरी अक्षर येते, कारण हिंदीची लिपी तीच. म्हणून ही मुले मराठी वाचू शकतात आणि तरीही वाचत नाहीत. शब्द उच्चारता येतो, वाक्य अंगाला लागत नाही. अशा घरात आजीशी बोलणे हेच काय ते मराठी उरते. आरोग्याचेच प्रमाण हवे असेल तर तेही इथे आहे. हैदराबादेत सुवर्णा अल्लडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास करून २०१३ मध्ये दाखवले की, एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत हा विकार सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू होतो, आणि हा फरक निरक्षर रुग्णांतही आढळला. म्हणजे जी आजी कधी शाळेत गेली नाही, पण घरात मराठी आणि दारात हिंदी बोलत आली, तिच्या मेंदूला लाभलेले संरक्षण तिच्या पुस्तकप्रेमी नातेवाइकांच्या आख्यानात कुठेच बसत नाही. अर्थात हेही निरीक्षणच, त्यालाही मघाचाच नियम लागू. परंतु वाचनाच्या जाहिरातदारांनी निदान एवढे लक्षात घ्यावे की, मराठी घराबाहेर मराठी टिकवणे याचा लाभ त्यांनी अजून आपल्या यादीत घातलेला नाही.

दोन भाषांत राहणे म्हणजे काय, हे या शहराला नवे नाही. मराठी घरात जन्मलेल्या माधवराव सप्र्यांनी दासबोध आणि टिळकांचे गीतारहस्य हिंदीत नेले. १९२० साली जबलपुरातून निघालेल्या ‘कर्मवीर’च्या उभारणीत त्यांचा हात होता. मुक्तिबोध बंधूंचे उदाहरण तर विलक्षण आहे. एकाच घरातले थोरले गजानन माधव हिंदीचे कवी झाले आणि धाकटे शरच्चंद्र मराठीचे कवी-समीक्षक. १९७९ चा साहित्य अकादेमी पुरस्कार शरच्चंद्रांच्या ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ला मिळाला. थोरले चाळीसच्या दशकात काही काळ जबलपुरात होते, आणि पुढे हरिशंकर परसाईंनी येथून चालवलेल्या ‘वसुधा’त त्यांची साहित्यिक डायरी छापली गेली. आता या गजानन माधवांकडे आयुर्मानाच्या काट्याने पाहा. इतके अफाट आणि इतके जिव्हारी वाचणारे किती असतील? ते १९६४ साली, सेहेचाळिसाव्या वर्षी, मेंदूच्या क्षयाने गेले. एका उदाहरणाने सरासरी खोटी ठरत नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु ज्या वाचनाने त्यांना झोपू दिले नाही, त्याचे मोल कोणत्या तक्त्यात भरायचे?

कारण वाचनाचा एक फार मोठा भाग प्रकृतीला मानवणारा नसतोच. बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह १९६३ मध्ये आला, दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये. ती पुस्तके वाचून कोणाचा रक्तदाब उतरला असेल, तर त्याने ती वाचलीच नाहीत असे मी समजेन. या पुस्तकांनी मराठी मध्यमवर्गाची झोप उडवली, घराघरांत भांडणे लावली, काहींना प्रथमच आपल्या आजोबांची लाज वाटली. उद्या ‘आरोग्यदायी वाचन’ हाच निकष ठरला, तर ग्रंथपाल कोणती पुस्तके आधी कपाटामागे ढकलतील, हे सांगायला ज्योतिषी नको. सुखकारक, गुळगुळीत, निजण्यापूर्वी घेण्यासारखी पुस्तके उरतील. वैद्याने दिलेल्या मात्रेत कडूपणा चालतो, पण रोग्याने वैद्यालाच प्रश्न विचारावा अशी मात्रा कोणता वैद्य देईल?

वाचनाचा व्यक्तिगत लाभ मी नाकारीत नाही. तो लाभ एकट्याने, आपापल्या उशाशी, घोट घोट घ्यायचा आहे, या कल्पनेला माझा विरोध आहे. आपल्याकडे वाचन हे पुष्कळ काळ ऐकणेच होते. चातुर्मासात पोथी लागे, एक वाचणारा असे आणि दहा ऐकणारे. त्यांतल्या निम्म्यांना अक्षरओळख नसे आणि तरी ग्रंथ त्यांचा असे. क्यूबातील हवाना शहरात १८६५ पासून सिगार-कारखान्यांत वाचक नेमण्याची प्रथा पडली. कामगार तंबाखूची पाने वळत असत, आणि उंच आसनावर बसलेला माणूस त्यांना वर्तमानपत्र आणि कादंबऱ्या वाचून दाखवी. त्याचा पगार कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढून देत, आणि काय वाचायचे तेही तेच ठरवीत. मालकांना आणि सरकारला ही प्रथा इतकी खुपली, की लवकरच तिच्यावर बंदी आली. पण ती पुन्हा उठून उभी राहिली. तंबाखू वळणारे हात तिथेही होते, इथेही आहेत. तिथल्या कामगारांना वाचनाने फुप्फुसे निर्मळ होतात असे कोणी सांगितले नव्हते. कंटाळ्याच्या कामात मन जिवंत ठेवायला त्यांना गोष्ट हवी होती, आणि आपण कोणाच्या राज्यात राहतो हे कळायला वर्तमानपत्र.

म्हणून ज्यांना वाचन खरोखर आरोग्यकारक वाटते, त्यांच्याकडे माझे मागणे सरळ आहे. पाणी आरोग्याला आवश्यक आहे हे पटल्यावर आपण पाण्याच्या महतीची व्याख्याने देत बसलो नाही, नळ मागितले. महाराष्ट्राने १९६७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. त्याचे अनुदान राज्याच्या सीमेशी थांबते. सीमेपलीकडच्या मराठी वाचकाला पुस्तक पोचायचे ते टपालाने. पुस्तकांसाठीची सवलतीची जुनी ‘बुक पोस्ट’ सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली; १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ नावाची नवी सेवा आली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा झालेल्या आनंदोत्सवात मीही होतो. त्या अवघ्या उत्सवात, मध्य प्रदेशातल्या एखाद्या वस्तीत दोनशे मराठी पुस्तकांचे कपाट कोण ठेवील, त्याची किल्ली कोणाकडे राहील आणि दुपारची पाळी संपवून रात्री दहाला परतणाऱ्यासाठी ते कोणत्या दिवशी उघडे असेल, याबद्दल एक शब्द निघाला नाही. त्या कपाटाशेजारी चार-सहा नंबरांच्या चाळिश्याही ठेवाव्यात, आणि विड्या वळणाऱ्या बायकांच्या ओसरीवर आठवड्यातून दोन दुपारी जाऊन वाचून दाखवील अशा एका माणसाला मानधन द्यावे. काय वाचायचे, ते त्या बायकाच सांगतील.