विश्लेषण : जनुकांच्या संशोधनाला ‘पुरवणी’ निधी कशासाठी?

‘पुरवणी मागण्या’ म्हटले की विधिमंडळाचे अधिवेशन आणि तिजोरीवरचा वाढीव बोजा आठवतो. वैद्यकीय संशोधनातही मूळ अनुदानाला जोडून असा जादा पैसा दिला जातो. त्याचा हातभार लागलेल्या अमेरिकेतील एका चाचणीने स्तनाच्या कर्करोगाच्या एका प्रकारातील बहुसंख्य रुग्णांना केमोथेरपीची गरज नसल्याचे दाखवून दिले. त्या पैशाचा एक स्रोत होता टपाल तिकीट. भारताने यातून काय घ्यावे?

जनुक अभिव्यक्ती म्हणजे काय?

शरीरातील जवळपास प्रत्येक पेशीत तोच डीएनए असतो. तरीही यकृताची पेशी वेगळे काम करते आणि मेंदूची वेगळे. डीएनए हे पाककृतींचे पुस्तक मानले, तर आज चुलीवर कोणते पदार्थ चढले आहेत आणि किती, हे म्हणजे जनुक अभिव्यक्ती. पेशीतील ‘आरएनए’चे प्रमाण मोजून ती समजते. कर्करोगाच्या दोन गाठी सूक्ष्मदर्शकाखाली सारख्या दिसल्या, तरी त्यांच्यातील जनुकांची लगबग वेगळी असू शकते. एक गाठ वर्षानुवर्षे शांत राहते, दुसरी शरीरभर पसरते. हा फरक आधीच ओळखता आला, तर उपचार नेमके करता येतात.

केमोथेरपीचा प्रश्न काय होता?

संप्रेरकांना प्रतिसाद देणारा आणि काखेतील लसिकाग्रंथींपर्यंत न पोहोचलेला स्तनाचा कर्करोग असलेल्या अनेक महिलांना शस्त्रक्रियेनंतर संप्रेरक उपचारांबरोबर केमोथेरपीही दिली जात असे. त्यातल्या थोड्याच जणींना तिचा फायदा होतो, हे डॉक्टरांना ठाऊक होते. मात्र त्या कोण, हे सांगता येत नव्हते. त्यामुळे केस गळणे, उलट्या, संसर्गाचा धोका आणि हृदयावरील ताण सगळ्यांच्याच वाट्याला येत होता.

यावर २१ जनुकांची चाचणी पुढे आली. त्यात कर्करोगाशी संबंधित १६ आणि तुलनेसाठी पाच जनुके मोजून ० ते १०० असा गुणांक काढला जातो. २००४ मध्ये तिची उपयुक्तता प्रथम ठळकपणे सिद्ध झाली, ती ६६८ महिलांच्या नमुन्यांवर. १९८०च्या दशकात सुरू झालेल्या एका जुन्या चाचणीतील गाठींचे तुकडे मेणाच्या ठोकळ्यांत जपून ठेवले होते. ते जपले म्हणूनच नव्या तंत्राला जुन्या प्रश्नाचे उत्तर शोधता आले.

‘टेलरएक्स’ चाचणीत काय आढळले?

गुणांक मधला असेल तर काय करायचे, हा प्रश्न उरला होता. तो सोडवण्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या पाठबळावर २००६ मध्ये ‘टेलरएक्स’ ही चाचणी सुरू झाली. सहा देशांतील १० हजार २७३ महिला त्यात सहभागी झाल्या. ११ ते २५ गुणांक असलेल्या ६ हजार ७११ जणींची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी झाली. एका गटाला केवळ संप्रेरक उपचार, दुसऱ्याला सोबत केमोथेरपी.

जून २०१८ मध्ये निष्कर्ष आले. नऊ वर्षांनंतर पहिल्या गटातील ९३.९ टक्के, तर दुसऱ्या गटातील ९३.८ टक्के महिला हयात होत्या. म्हणजे केमोथेरपीने जवळपास काहीच साधले नव्हते. या प्रकारच्या कर्करोगाच्या सुमारे ७० टक्के महिलांना ती टाळता येईल, असा त्याचा अर्थ लावला गेला. अपवाद ५० वर्षे वा त्याहून कमी वयाच्या महिलांचा. त्यांचा गुणांक १६ ते २५ असेल तर केमोथेरपीचा काहीसा लाभ दिसला.

टपाल तिकिटाचा संबंध काय?

औषध विकणारी कंपनी ते औषध कोणाला नको, हे शोधण्यासाठी पैसा लावण्याची शक्यता कमी. जनुक चाचणी विकणाऱ्या कंपनीचेही हित गुंतलेले असते. त्यामुळे अशा प्रश्नांचा भार सार्वजनिक निधीवर येतो आणि तो नेहमीच अपुरा असतो. ‘टेलरएक्स’ला सरकारी अनुदानाखेरीज स्वयंसेवी संस्थांची मदत मिळाली, तशीच स्तन कर्करोग संशोधन तिकिटाच्या विक्रीतूनही.

हे तिकीट जुलै १९९८ मध्ये निघाले. कॅलिफोर्नियातील एका शल्यविशारदाने ही कल्पना लावून धरली होती. पत्राचा दर ३२ सेंट असताना ते ४० सेंटला विकले गेले. वरच्या रकमेतील ७० टक्के वाटा राष्ट्रीय आरोग्य संस्थांना आणि ३० टक्के संरक्षण खात्याच्या वैद्यकीय संशोधनाला जातो. आजवर एक अब्जाहून अधिक तिकिटे विकली गेली असून नऊ कोटी डॉलरपेक्षा जास्त निधी उभा राहिला आहे. थेंबे थेंबे तळे साचे, ते असे.

पुरवणी निधी नेमका कसा दिला जातो?

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांमध्ये त्याची ठरलेली पद्धत आहे. मंजूर प्रकल्पाची चौकट न बदलता वाढीव खर्च भागवायचा असेल, तर प्रशासकीय पातळीवर पुरवणी अनुदान मिळू शकते. चौकटच रुंदावायची असेल, तर प्रस्ताव पुन्हा तज्ज्ञांपुढे स्पर्धेत उतरतो. पहिल्या मार्गाचा फायदा वेगाचा. रुग्ण आधीच सहभागी असतात, नमुने गोठवलेले वा मेणात जपलेले असतात, उपचारांच्या नोंदी हाताशी असतात. त्यावर जनुक अभिव्यक्तीचा अभ्यास जोडायला लागणारा खर्च नवी चाचणी उभारण्याच्या तुलनेत थोडा असतो.

भारतासाठी हे महत्त्वाचे का?

‘ग्लोबोकॅन’च्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे १ लाख ९२ हजार महिलांना नव्याने स्तनाचा कर्करोग झाला. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत येथे हा आजार सरासरी दहा वर्षे आधी गाठतो. ‘टेलरएक्स’चा दिलासा ज्या वयोगटात कमी पडतो, नेमक्या त्याच वयाच्या रुग्ण येथे जास्त आहेत. त्या चाचणीत भारत नव्हता. २१ जनुकांच्या चाचणीचा खर्चही येथील बहुतेक कुटुंबांना न झेपणारा आहे. बेंगळुरूतील एका कंपनीने पाच प्रथिनांवर आधारित स्वस्त पर्याय विकसित केला आहे. पण एका पर्यायावर भागणारे नाही.

सार्वजनिक पैशातून मोठे प्रश्न सोडवण्याची क्षमता येथे नक्कीच आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या नेतृत्वाखाली ११ केंद्रांत १ हजार ५८३ महिलांवर झालेली चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रियेच्या काही मिनिटे आधी गाठीभोवती भूल देणारे स्वस्त इंजेक्शन टोचल्याने पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेले. खर्च केंद्राच्या अणुऊर्जा विभागाचा होता. हा फायदा कोणत्या रुग्णांना अधिक होतो आणि पेशीत नेमके काय बदलते, असे पुढचे प्रश्न पुरवणी निधीसाठीच असतात.

पैसा कोठून येईल?

देशाचा संशोधनावरील खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के इतकाच आहे. ‘अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान’ स्थापन करताना पाच वर्षांत ५० हजार कोटींचे उद्दिष्ट ठेवले गेले. त्यातील मोठा हिस्सा खासगी क्षेत्राकडून अपेक्षित आहे. कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी सार्वजनिक संशोधन संस्थांना देण्याची मुभा २०१९ पासून आहे. मात्र हा पैसा डोळ्यांत भरणाऱ्या इमारती आणि यंत्रांकडे सहज वळतो. मेणाच्या ठोकळ्यांवर कोनशिला बसवता येत नाही.

पुरवणी निधी हा मूळ अनुदानाला पर्याय नव्हे. पत्रे लिहिणे कमी झाले की तिकिटाचे उत्पन्नही आटणारच. पण सरकारी पैशातून होणाऱ्या प्रत्येक मोठ्या रुग्णचाचणीत तीन गोष्टी पहिल्या दिवसापासून असायला हव्यात : नमुन्यांच्या भावी वापरासाठी रुग्णाची रीतसर संमती, ते जपण्याची सोय आणि पुढील जनुकीय अभ्यासासाठी झटपट मिळणारी छोटी तरतूद. आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत संमती आणि नमुने जतनाचे नियम आहेत. तिसऱ्या गोष्टीवर निर्णय सरकारनेच घ्यायचा आहे. तो लांबेल तितके दिवस इथल्या रुग्णाचा उपचार परदेशातील रुग्णांवरून बेतलेल्या गुणांकावर ठरत राहील.